विजेच्या तारेचा झोळ व त्याची मोजणी

पाथर्डीहून शेवगावकडे, तिसगावकडे अथवा मोहट्याच्या डोंगराकडे कोणत्याही रस्त्याने निघाले, तरी विजेचे खांब आपली सोबत सोडीत नाहीत. त्या खांबांवरील तारा दुरून पाहिल्यास पाटीवर आखलेल्या रेघांसारख्या सरळ भासतात. परंतु दोन खांबांच्या मधोमध उभे राहून पाहावे, म्हणजे प्रत्येक तार मध्यभागी खाली उतरलेली दिसते. या उतरण्यास आपल्याकडील वायरमन मंडळी 'झोळ' म्हणतात, आणि दोन खांबांमधील अंतरास 'गाळा' म्हणतात. हे दोन्ही शब्द मराठीत जुनेच आहेत. या लेखात तेच वापरले आहेत. तारेची दोन टोके जेथे बांधली आहेत ते दोन बिंदू एका सरळ रेषेने जोडले, तर त्या रेषेपासून तारेचा सर्वांत खालचा बिंदू जितका खाली असेल तितका तिचा झोळ समजावा.

झोळ दिसला की पुष्कळ लोक म्हणतात, "तार ढिली सोडली, चांगली ताणून का बांधली नाही?" हा प्रश्न वाजवी आहे, आणि त्याचे उत्तर गणिताने मिळते. तारेच्या एक मीटर लांबीचे वजन, गाळ्याच्या लांबीचा वर्ग, आणि आठ पट झोळ या तीन राशी घ्याव्या. पहिल्या दोहोंचा गुणाकार करून त्यास तिसरीने भागले असता तारेतील ताण मिळतो. खेडोपाडी ११ किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर पोलादी गाभ्याभोवती अॅल्युमिनियमचे पेड वळलेली 'वीझल' नावाची तार असते. (इंजिनियर लोकांनी तारांच्या जाडीस प्राण्यांची नावे दिली आहेत: स्क्विरल म्हणजे खार, रॅबिट म्हणजे ससा, डॉग म्हणजे कुत्रा, आणि मोठ्या वाहिन्यांवर पँथर, झेब्रा व मूस. वीझल हा आपल्या मुंगसासारखा दिसणारा एक लहान प्राणी होय.) या तारेचे वजन दर मीटरास १२८ ग्रॅम भरते. गाळा १०० मीटरांचा धरला व झोळ दीड मीटर ठेवला, तर ताण सुमारे १०७ किलोग्रॅम येतो. आता हौसेने तीच तार ताणून झोळ केवळ १५ सेंटिमीटरांवर आणू म्हटले, तर ताण दहापट, म्हणजे १,०६७ किलोग्रॅमच्या घरात जातो. आणि ही तार साधारण १,१३५ किलोग्रॅमला तुटते! झोळ शून्य करावयाचा तर ताण अनंत लागेल. म्हणजेच जगात कोठेही, कितीही मजबूत तार घेतली तरी ती तंतोतंत सरळ टांगता येणार नाही. अंगणात वाळत घातलेल्या लुगड्याची दोरी कितीही ओढून बांधली तरी मध्ये वाकते, त्याचे कारण हेच.

टांगलेल्या साखळीचा आकार कोणता, या प्रश्नाने थोर गणितज्ञांनाही पुष्कळ काळ गुंतवून ठेवले होते. गॅलिलिओने तो आकार अन्वस्ताच्या जवळचा मानला होता. पुढे १६९१ साली लायब्निट्स, हायगेन्स व योहान बेर्नुली या तिघांनी खरा वक्र अन्वस्ताहून निराळा आहे हे दाखवून त्याचे गणित मांडले. मात्र आपल्या तारेसारखा गाळा लांब व झोळ थोडा असेल, तर या दोन वक्रांतील फरक इतका सूक्ष्म असतो की अन्वस्ताचेच सोपे गणित बिनदिक्कत वापरता येते. वर आपण तेच वापरले.

आता या विषयातील खरी गोम पाहू. झोळ पडल्यामुळे तार गाळ्याहून किती अधिक लांब होते? झोळाचा वर्ग करून त्यास आठाने गुणावे व गाळ्याच्या तिपटीने भागावे. आपल्या उदाहरणात हे उत्तर अवघे ६ सेंटिमीटर येते. १०० मीटरांच्या तारेत चार बोटे सैलपणा, आणि मध्यभागी मात्र दीड मीटरांचा झोळ! हे एकदा मनात ठसले म्हणजे पुढील सर्व समजते. टोकाशी बोटभर जे घडते, ते मध्यभागी हातभर होऊन दिसते.

उष्णतेने धातू प्रसरण पावतो, हे विद्यार्थी खालच्या इयत्तांतच शिकतात. पौषातील पहाटे तारेचे उष्णतामान १५ अंश आहे असे धरा. वैशाखातील दुपारी वरून ऊन, खालून तापलेली जमीन, आणि तारेतून जोराने वाहणाऱ्या प्रवाहाची स्वतःची उष्णता, यांमुळे तेच उष्णतामान ६५ अंशांपर्यंत चढले असे समजा. या ५० अंशांच्या वाढीने आपली १०० मीटरांची तार सुमारे साडेनऊ सेंटिमीटरांनी लांबते. ती सैल झाल्याने ताण उतरतो, व ताण उतरल्याने ती दीड सेंटिमीटरभर परत आखडते. एकंदर वाढ ८ सेंटिमीटर. पूर्वीचे ६ व हे ८ मिळून १४ झाले. सूत्र उलट चालवून झोळ काढला तर तो २.३ मीटर येतो. तार ८ सेंटिमीटर वाढली, आणि मध्यभागी ८० सेंटिमीटर खाली आली.

याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. तार खांबावर जमिनीपासून ७ मीटर उंच बांधली आहे असे धरू. पौषातील पहाटे तिच्या मध्यबिंदूची उंची साडेपाच मीटर. वैशाखातील दुपारी ४.७ मीटर. भारतीय वीज नियम, १९५६ यांत ११ किलोव्होल्टच्या उघड्या तारेची शेतातील किमान उंची ४.६ मीटर, रस्त्याच्या कडेने जाताना ५.८ मीटर व रस्ता ओलांडताना ६.१ मीटर ठरविली होती. म्हणजे शेतातील आपली तार नियमात बसली. परंतु वीतभर अंतरही शिल्लक राहिले नाही.

आणि पाथर्डी तालुक्यात जेथे काळी जमीन आहे तेथे आणखी एक गोष्ट घडते. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात रोवलेला खांब वर्षानुवर्षे या फुगण्या-आखडण्याने ढिला होतो, व ताणाच्या बाजूस किंवा वाऱ्याच्या जोराने कलतो. खांबाचे डोके गाळ्याच्या दिशेने केवळ ८ सेंटिमीटर कलले, तरी तारेच्या दृष्टीने ते ५० अंश उष्णतामान वाढण्यासारखेच होय. वैशाखाची दुपार व कललेला खांब या दोहोंची गाठ पडली, तर सैलपणा २२ सेंटिमीटर, झोळ २.८७ मीटर, आणि तारेची उंची उरली ४.१३ मीटर. नियम मोडला, पण तार तुटली नाही, दिवा विझला नाही, कोणास काही कळलेही नाही. झोळाचा हाच मोठा दुर्गुण आहे. तो गाजावाजा न करता वाढतो.

चार मीटर उंची पायी चालणाऱ्या माणसास पुष्कळ वाटते. परंतु आपल्या तालुक्यातील किती कुटुंबे दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात, हे येथे सांगण्याची गरज नाही. या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांचे आईवडील त्यांत असतील. उसाने शीग भरलेली ट्रॉली, आणि त्या उसावर बसलेला अथवा दोर आवळण्यास चढलेला माणूस, यांची उंची एकदा नजरेने मोजून पाहावी. मढीच्या यात्रेस उंच काठ्या घेऊन चालत येणारे भाविक, विहिरीतून उपसलेला लांब लोखंडी पाईप उभा धरणारे शेतकरी, पाणी देण्याच्या घाईत असलेला गडी, यांपैकी कोणीही वर पाहत चालत नाही. शिवाय ११ किलोव्होल्टच्या तारेस प्रत्यक्ष स्पर्शच व्हावयास हवा असेही नाही. फार जवळ गेल्यास वीज हवेतून उडी घेते.

उसाच्या फडास लागणाऱ्या आगीचे एक कारणही येथेच आहे. दोन तारांचा झोळ सारखा नसला, किंवा दोन्ही फार सैल असल्या, तर वाऱ्याने झुलून त्या एकमेकींवर आपटतात. ठिणगी पडते, अॅल्युमिनियमचे वितळलेले कण खाली वाळलेल्या पाचटावर पडतात, आणि वर्षाची मेहनत तासाभरात राख होते. यासाठी सैल गाळ्यात तारांच्या मध्ये वीज न वाहणाऱ्या पदार्थाच्या आडव्या पट्ट्या बसवितात. त्यांस स्पेसर म्हणतात. तो तात्पुरता उपाय खरा, परंतु झोळ त्याने कमी होत नाही.

काही ठिकाणी शेतकरी स्वतःच लांब बांबू किंवा लाकडी मेढ लावून तार उचलून धरतात. त्यामागील अडचण मी जाणतो. तक्रार करून वाट पाहणाऱ्याचे पीक थांबत नाही. तरीही हे कृत्य अत्यंत घातक आहे. कोरडे दिसणारे लाकूड दवाने ओलावते, आणि ओले लाकूड वीज वाहते. तार निसटून जमिनीवर पडलीच, तर आपल्या कोरड्या माळरानात जमिनीतून जाणारा प्रवाह कधी कधी इतका थोडा असतो की उपकेंद्रातील यंत्रास तो ओळखू येत नाही. वीज बंद होत नाही, व जमिनीवर पडलेली तार जिवंत राहते. पडलेली तार मेलेली आहे, असे कोणीही कधीही गृहीत धरू नये.

झोळाकडे दुर्लक्ष झाल्याने केवढा अनर्थ ओढवतो, याचे उदाहरण १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यात घडले. तेथे ३४५ किलोव्होल्टच्या तीन मोठ्या वाहिन्या एकीमागून एक बंद पडल्या: पहिली दुपारी ३ वाजून ५ मिनिटांनी, दुसरी ३ वाजून ३२ मिनिटांनी, तिसरी ३ वाजून ४१ मिनिटांनी. चौकशीत आढळले की तिन्ही तारा झोळ वाढून खालच्या झाडांस लागल्या होत्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्यांपैकी एकही तार आपल्या शक्तीबाहेरचा भार वाहत नव्हती. पहिलीवर तर तिच्या मर्यादेच्या शेकडा ४४ इतकाच भार होता. दुसरीवर ८८ व तिसरीवर ९३. झाडे छाटावयाची राहून गेली होती, आणि नियंत्रण-कक्षातील धोक्याची सूचना देणारे यंत्रही त्या दिवशी बंद पडले होते. एका तारेचा भार दुसरीवर गेला, दुसरी तापून खाली आली, तिचा भार तिसरीवर गेला. आणि सव्वाचारच्या आत अमेरिकेची आठ राज्ये व कॅनडातील ऑन्टारिओ प्रांत येथील सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. मोठमोठ्या वीजगृहांची शक्ती कमी पडली नव्हती. काही फूट मोकळी हवा कमी पडली होती.

तेव्हा झोळ मोजावा कसा? महाराष्ट्रात हा प्रश्न शतकाहून जुना आहे. खोपोलीच्या टाटा वीजगृहातून मुंबईस वीज नेणाऱ्या तारा १९१५ साली सुरू झाल्या, तेव्हाही त्या ओढणाऱ्यांस तो सोडवावा लागलाच असेल. सर्वांत साधी रीत नजरेची आहे. नवी तार ओढताना, त्या वेळच्या उष्णतामानास किती झोळ हवा हे कोष्टकात पाहून, तारेच्या टोकाखाली तेवढ्या अंतरावर दोन्ही खांबांवर एक एक आडवी पट्टी बांधतात. एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीकडे डोळा लावून पाहतात, व तारेचा सर्वांत खालचा भाग त्या दृष्टिरेषेस टेकेपर्यंत तार ओढतात किंवा सोडतात.

दुसरी रीत मला फार आवडते, कारण तिला ना गाळ्याची लांबी लागते, ना तारेचे वजन, ना ताण. लागते केवळ घड्याळ. वीज जोडण्यापूर्वी तारेच्या एका टोकाशी दोरीने हिसका देतात. तारेवर एक उंचवटा उठतो, धावत दुसऱ्या टोकास जातो, तेथून परततो, पुन्हा जातो. एका फेरीस लागलेल्या सेकंदांचा वर्ग करून त्यास ०.३०६६ ने गुणले की झोळ मीटरांत मिळतो. हा विचित्र आकडा कोठून आला? गुरुत्वाचा प्रवेग ९.८१ यास ३२ ने भागले असता तो येतो. त्याचा अर्थ असा की, लाट खांबापासून गाळ्याच्या मध्यापर्यंत पोहोचेल तेवढ्या अवधीत, हातातून सोडलेला दगड बरोबर झोळाइतकाच खाली पडेल. पडणारा दगड व टांगलेली तार यांचे असे नाते असेल, हे पाहणाऱ्याच्या स्वप्नातही येत नाही.

विद्यार्थ्यांनी हा प्रयोग विजेच्या तारेवर नव्हे, तर शाळेच्या मैदानात विहिरीच्या जाड नाड्यावर करावा. दहा मीटर अंतरावरील दोन झाडांस नाडा सारख्या उंचीवर बांधून मध्यभागी ३० सेंटिमीटर झोळ ठेवावा. एका टोकाजवळ हाताच्या कडेने टोला द्यावा, व तेथेच बोट हलके टेकवून परतणाऱ्या लाटा मोजाव्या. पाच फेऱ्यांस जवळजवळ पाच सेकंद लागतील. मग नाडा ओढून झोळ साडेसात सेंटिमीटर, म्हणजे पूर्वीच्या चौथाई करावा. फेरीचा काळ निम्मा होईल. नाडा बदलून पाहावा, अंतर बदलून पाहावे. झोळ तोच असेल तर काळही तोच येतो.

आजची नवी यंत्रे याच नियमावर चालतात, हे वाचून नवल वाटेल. वाऱ्याने तार सतत सूक्ष्म थरथरत असते. बेल्जियममधील लीज विद्यापीठात झालेल्या संशोधनातून निघालेले एक यंत्र चालू तारेवरच बसवितात. ते ही थरथर मोजते, तिच्या मूळ आवर्तनाचा काळ काढते, आणि त्यावरून झोळ किती हे क्षणोक्षणी नियंत्रण-कक्षास कळविते. तो आवर्तनकाळ म्हणजेच आपल्या नाड्यावरील लाटेच्या एका फेरीचा काळ होय. इतर काही यंत्रे टोकाशी ताण मोजतात, काही तारेचा कल मोजतात. मोठ्या वाहिन्यांवर हेलिकॉप्टर वा ड्रोन उडवून, प्रकाशकिरण खाली सोडून व परतण्याचा काळ मोजून, तार व तिच्याखालील झाडे यांमधील अंतर काढण्याचीही रीत आहे.

क्षणोक्षणी मोजण्याचा एक लाभ असा की, तार थंड असेल तेव्हा तिच्यातून अधिक वीज नेता येते. आपल्या जिल्ह्यात सुपे व खांडके येथील डोंगरांवर पवनचक्क्या आहेत. वारा जोराचा असतो तेव्हा त्या अधिक वीज निर्माण करतात. आणि तोच वारा ती वीज वाहणाऱ्या तारांनाही थंड करीत असतो. मोजणी नसेल तर ही सवलत कोणास घेता येत नाही; वैशाखातील निवांत दुपारचीच मर्यादा बारा महिने पाळावी लागते. मात्र ही महाग यंत्रे मोठ्या वाहिन्यांसाठी आहेत. आपल्या वस्तीवरील ११ किलोव्होल्टच्या तारेवर ती लवकर येतील अशी आशा मला वाटत नाही. तेथे वायरमनचे डोळे व आपले डोळे हीच यंत्रे होत.

म्हणून जमिनीवरूनच, तारेस किंवा खांबास न शिवता उंची मोजण्याची रीत शेवटी देतो. कंपासपेटीतील ४५ अंशांचा गुण्या घ्यावा, व त्याच्या उभ्या बाजूस बारीक खडा बांधलेला दोरा ओळंब्यासारखा सोडावा. तार जेथे सर्वांत खाली आली असेल तेथून, तारेशी काटकोन करून, सपाट जमिनीवर मागे मागे सरावे. ओळंबा उभ्या बाजूस समांतर राहून गुण्याच्या तिरप्या बाजूवरून तार दिसू लागली की थांबावे. तारेखालच्या बिंदूपासून आपल्या पायांपर्यंतचे अंतर अधिक आपल्या डोळ्यांची उंची, इतकी तारेची उंची होय. डोळे १.४ मीटरांवर आणि अंतर ३.६ मीटर असेल, तर तार ५ मीटर उंच आहे. शेतात ती चालेल, रस्त्यावर मुळीच चालणार नाही. अंतर मोजण्यास कापडी फीत जमिनीवर पसरून घ्यावी; काठी, बांबू किंवा धातूची पट्टी हाती धरू नये. पावसाळी हवेत अथवा आभाळ गडगडत असताना हा उद्योग करू नये, आणि लहान मुलांनी वडील माणूस बरोबर असल्याशिवाय करू नये.

एकच गाळा निवडून त्याची उंची पौषातील सकाळी, चैत्रातील दुपारी व पहिल्या पावसानंतर अशी तीनदा मोजावी. वहीत तारीख, वेळ, खांबावरील क्रमांक, हवेचे उष्णतामान व खांब कललेला आहे की सरळ, हे लिहावे. उंची नियमाहून कमी भरली, तर महावितरणच्या पाथर्डीतील कचेरीत लेखी कळवावे, किंवा १९१२ या क्रमांकावर दूरध्वनी करून तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. "तार खाली आली आहे" असे मोघम न सांगता, अमुक क्रमांकाच्या खांबापासून अमुक खांबापर्यंतच्या गाळ्यात, अमुक दिवशी दुपारी दोन वाजता उंची ४.१ मीटर होती, असे लिहावे. त्या वेळी वारा होता की नव्हता हेही नोंदवावे. कारण वाऱ्याची एक झुळूक तार थंड करून हातातील आकडा काही सेंटिमीटरांनी बदलून टाकते.